आधी उमटलेला होकार

१

पंच्याऐंशीच्या जानेवारीत नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी मी तीन मजले धावत उतरले. आईला पत्र दाखवून झालं होतं, कोपऱ्यावरून पेढे आणायचे होते आणि साधं चालत जाणं मला शक्यच नव्हतं. तेवीस वर्षांची होते मी. समाजकार्याची पदवी हातात येऊन दीड वर्ष झालं होतं. भाऊ, म्हणजे माझे वडील, पोस्टातून नुकतेच निवृत्त झाले होते आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, मृणालिनीचं, लग्न मे महिन्यात ठरलं होतं. सांताक्रूझच्या आमच्या दोन खोल्यांत त्या संध्याकाळी सगळे एकदम बोलत होते.

'सहायक कल्याण अधिकारी.' पत्रावर तसं टाइप केलेलं होतं. सहा महिने प्रोबेशन, मग कायम.

फॅक्टरी मरोळला होती. अंधेरी स्टेशनवरून बस. तिथे रंगासाठी लागणारी पिवळी पूड तयार व्हायची. ती इतकी बारीक होती की गेटच्या आतली झाडं, सायकली, वॉचमनचं मांजर, सगळ्यांवर पिवळी झाक असायची. मला पहिल्या दिवशी ते सुंदर वाटलं. हळदीच्या समारंभाला आल्यासारखं.

"त्यात शिसं असतं," श्यामकांत सर म्हणाले. ते पर्सोनेल मॅनेजर. मऊ बोलायचे, कधी कुणावर ओरडल्याचं मी ऐकलं नाही. "सगळ्यात जास्त पूड सुकवणखोलीत. ओला माल तिथे गरम हवेत सुकवतात, मग माणसांनी आत जाऊन खरवडायचा. पगार दुप्पट देतो आपण. पण भोपाळला जे झालं त्यानंतर वरचे लोक घाबरलेत. प्रत्येकाची संमती हवी. लेखी घेतली तर उद्या म्हणतील, आम्हाला वाचता येत नव्हतं. म्हणून," त्यांनी टेबलावर एक नवाकोरा टेपरेकॉर्डर ठेवला, "आवाज. अंगठा माझा नाही असं कोणीही म्हणतो. आवाज माझा नाही असं कसं म्हणणार?"

प्रश्न तीन होते. काम धोक्याचं आहे हे तुम्हाला समजलं का? कोणी जबरदस्ती केली आहे का? तुमची संमती आहे का?

"जबरदस्ती आपल्याला नकोच," सर म्हणाले. "म्हणून तर तुला घेतलं."

मी त्या वाक्यावर खूश झाले होते.

२

रेकॉर्डिंगसाठी मला दिलेली खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, पंखा. मशीनचा आवाज टेपवर येऊ नये म्हणून एका भिंतीवर गोणपाट ठोकलेलं. त्या भिंतीपलीकडे सुकवणखोली होती, त्यामुळे गोणपाट कायम कोमट असायचं. मी एकदा त्यावर तळहात ठेवला आणि लगेच काढला. तापलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावल्यासारखं वाटलं होतं.

पहिला आला धर्मा. खारदांड्याचा कोळी, उंच, दारातून वाकून आत आला. त्याची होडी कधीच विकली गेली होती आणि इथे त्याला चार वर्षं झाली होती. हसला तेव्हा हिरड्यांच्या कडेने निळसर रेघ दिसली; ती शिशाची खूण, हे मला पुढे कळलं. मी टेप सुरू केला.

"काम धोक्याचं आहे हे समजलं का?"

"हो."

"कोणी जबरदस्ती केली आहे का?"

"नाही."

"तुमची संमती आहे का?"

"हो."

एक मिनिटही लागलं नाही. दुपारपर्यंत मी अकरा जणांचं उरकलं. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

जेवणानंतर कानाला हेडफोन लावून मी ते कागदावर उतरवायला बसले. धर्माचा तिसरा प्रश्न आला. "तुमची संमती आ—" असा माझा आवाज, आणि त्याच्या मध्येच, लांबून आल्यासारखं, बारीक: "हो." मग माझं वाक्य पूर्ण झालं. मग धर्माचा खरा "हो."

टेप मागे घेतला. पुन्हा ऐकला. आवाज धर्माचाच होता, त्यात शंका नव्हती. तो फक्त प्रश्न संपायच्या आधी आला होता.

मग मी बाकीचे दहा ऐकले. सगळ्यांच्या बाबतीत तेच. प्रत्येकाचा होकार दोनदा. काहींचा पहिला "हो" माझ्या "तुमची" या शब्दाच्याही आधी होता.

३

मी भुताखेतांच्या घरातली नाही. दुसऱ्याच दिवशी कॅसेट घेऊन अंधेरी स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अण्णांकडे गेले. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि हसले.

"नव्वद मिनिटांची कॅसेट वापरता ना? तिची फीत पातळ असते. गुंडाळली की एका वेढ्यावरचा आवाज वरच्या वेढ्यावर छापला जातो, हलकासा. म्हणून शब्द यायच्या आधीच त्याची सावली ऐकू येते. साठवाली घ्या, जाड असते."

बसमध्ये मी एकटीच हसत होते! इतकं साधं कारण. मी साठ मिनिटांच्या सहा कॅसेट घेतल्या आणि त्या आठवड्यात सावली खरंच नाहीशी झाली. किंवा मी ती शोधायचं सोडून दिलं.

फेब्रुवारीत एका रविवारी सगुणामावशी पाटी घेऊन आमच्या दारात आली. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ती आमच्याकडे मासळी आणायची. खाली रस्त्यावरून तिने "घ्या वो पापलेट" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरच्या मांजरी उठून बसायच्या, असा आवाज.

त्या दिवशी पाटीत नुसते बोंबील होते, तेही थोडे.

"बाय, तुझ्या कंपनीत काम मिलंल काय गं?" तिने आईचं लक्ष नाही असं बघून विचारलं. "मना नि चंदरला. महादूचा पाय बोटीवर मोडला तो अजून जोडला नाय. मोठे ट्रॉलर सगला मासला घेऊन जातात. मीरा नववीत हाय."

महादू तिचा नवरा, मीरा मुलगी आणि चंदर धाकटा दीर. पंचविशीचा, अंगाने मजबूत.

मी सरांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. सगुणामावशीला पॅकिंगमध्ये घेतलं, तिथे पूड बंद पिशव्यांत असायची. चंदरसाठी जागा फक्त सुकवणखोलीत होती. एक महिना बाहेर गाड्या भरायच्या, मग आत.

सगुणामावशीने त्या शुक्रवारी आमच्याकडे एक मोठा हलवा मासा आणून दिला आणि काही केल्या पैसे घेतले नाहीत.

४

चंदरची संमती घ्यायची होती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. तो खुर्चीवर बसलाच नाही. एवढ्या दिवसांत त्याने धर्मासोबत डबा खाल्ला होता, धर्माच्या बोटांतून घास निसटताना पाहिला होता.

मी विचारलं, "तुमची संमती आहे का?"

"नाही," चंदर म्हणाला. मोठ्याने, टेपरेकॉर्डरकडे वाकून. "मी नाय जानार आत. बाहेरचा काम असंल तर सांगा."

आणि दार लोटून निघून गेला.

मला इतका आनंद झाला! म्हणजे हे सगळं नाटक नव्हतं. माणूस इथे नाही म्हणू शकत होता आणि ते टेपवर जात होतं. मी कागदावर ठळक अक्षरात लिहिलं, 'संमती नाही', आणि कॅसेट सरांच्या टेबलावर ठेवली.

तासाभराने त्यांनी बोलावलं. "उत्तरा, तू घाईत लिहिलंस का? यात तर हो आहे."

"शक्यच नाही, सर."

त्यांनी बटण दाबलं. माझा प्रश्न. मग चंदरचा आवाज, स्वच्छ, जवळून: "हो." आणि त्याच्या मागे, फार लांबून, सावलीसारखं काहीतरी. मी कान स्पीकरला लावला. ते "नाही" होतं. ते इतकं बारीक होतं की शोधणाऱ्यालाच सापडावं.

जाड कॅसेट होती. आणि सावली शब्दाचीच पडते, उलट्या शब्दाची पडत नाही, हे समजायला अण्णांकडे जायची गरज नव्हती. तरी मी मनाशी म्हटलं, आधी हो म्हणाला असेल. माझं लक्ष नसेल. घाबरून पुटपुटला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदर तोंडाला फडकं बांधून सुकवणखोलीच्या दाराशी उभा होता.

"चंदर, तू काल नाही म्हणालास."

त्याने माझ्याकडे पाहिलं. खरंच गोंधळलेला होता. "नाय, मॅडम. मी हो बोललो ना. तुमच्यासमोरच बोललो." मग त्याने गळ्यावरून हात फिरवला, आत काही अडकलं असावं तसा. "हो बोललो मी," तो पुन्हा म्हणाला आणि आत गेला.

रविवारी सगुणामावशी आमच्या जिन्यातच मला गाठून म्हणाली, "बाय, त्या दिवशी तो घरी आला तं नाचत आला. बोलला, मी नाय सांगून आलो. म्हातारीनं नारल फोडला. नि सकाली उठला, काय बोलला नाय, डबा मागितला. त्याला झाला काय?"

मी म्हटलं, विचार बदलला असेल.

"रातभर मी जागीच व्हते," ती म्हणाली. "तो गाढ झोपला व्हता. विचार कवा बदलला?"

५

एप्रिलमध्ये पॅकिंगचं काम कंत्राटदाराला दिलं. तिथल्या बायकांना सांगण्यात आलं, सुकवणखोलीत जागा आहेत, नाहीतर हिशेब घ्या आणि घरी जा. कोणी धमकावलं नाही. नोटीस बोर्डावर एक कागद, बस.

सगुणामावशी दुपारच्या सुट्टीआधी माझ्या खोलीत आली. मी टेपरेकॉर्डर सुरू केला नाही. दार लावून घेतलं आणि हळू म्हटलं, "मावशी, तू नाही म्हण."

"नि मग?"

मी टेबलावरची पिवळी पूड हाताने पुसली.

"तुझ्याकडं दुसरा काम हाय माझ्यासाठी?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला?" ती चिडली नव्हती. खरंच विचारत होती. "कोनी जबरदस्ती केली काय, असा पन विचारतेस ना? सगल्यांना विचारतेस. मी कोनाचा नाव सांगू, बाय? महादूचा, त्याचा पाय मोडला म्हनून? मीराच्या शालेचा? का दर्याचा नाव सांगू, मासली संपली म्हनून? तुझ्या टेपला कोनचा नाव चालंल?"

पंखा फिरत होता. तिने पदराने कपाळ पुसलं आणि समोरच्या यंत्राकडे बघत राहिली. ओठ घट्ट मिटलेले. विचार करत होती. मला आजही ते तसंच दिसतं, कारण मी तिच्या तोंडाकडेच बघत होते.

"हो."

गोणपाटामागून. तिचाच आवाज. थोडा घोगरा, दमलेला, शेवटचा भाव सांगून पाटी उचलताना यायचा तसा.

टेपरेकॉर्डरचा लाल दिवा बंद होता. मी प्रश्नही विचारला नव्हता.

सगुणामावशी सावकाश भिंतीकडे वळली. मला वाटलं, ती आता किंचाळेल. पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हतीच. बाजारात कोणी तिच्या पाटीत हात घातला तर ती जशी बघायची, तशी ती बघत होती.

"मी बोलले नाय," ती म्हणाली. "कोन बोलला?"

"पलीकडे कोणी असेल…"

"माझ्या आवाजात?" ती उठली. "चल. दाखव मना."

६

सुट्टीचा भोंगा झालेला होता. भर दुपार, साडेबारा. अंगणात ऊन इतकं की पिवळ्या जमिनीकडे बघवेना. सगळे कँटीनच्या मागे सावलीत होते, गुळाचा खडा आणि आरेच्या दुधाची बाटली घेऊन. शिशावर उतारा म्हणून कंपनी रोज द्यायची. सुकवणखोलीतले मोठे पंखे बंद होते. लोखंडी दाराची दांडी मीच वर केली. मला जवळजवळ मजा वाटत होती. आता कळणार! जे काही आहे ते आता दिसणार!

आत कोणी नव्हतं.

लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना रिकामे ट्रे. हवा गरम, स्थिर. पावलं टाकली की पूड घोट्यापर्यंत उडायची आणि परत बसायला खूप वेळ घ्यायची. आम्ही पदर नाकाला लावले. माझ्या खोलीला लागून असलेली भिंत डावीकडे होती. तिच्यावर बोटभर पिवळा थर होता.

त्या थरात गोल जागा होत्या.

बशीएवढ्या. तिथली पूड ओली होऊन गळून पडली होती आणि आतला काळपट सिमेंटचा ओलसर भाग दिसत होता. एक खूप उंचावर होती, धर्माच्या उंचीला. तिच्या शेजारी थोडी खाली दुसरी. मग आणखी. भिंतभर, वरखाली, माणसांच्या घोळक्यासारख्या. कोणी भिंतीला तोंड लावून खूप दिवस बोलत राहिलं, तर तिथे तशी जागा होईल. दुसरं काही माझ्या डोक्यात येईना. वाफ असेल, मी म्हटलं. पाइप फुटला असेल. पण पाइप समोरच्या भिंतीत होते.

"बाय," सगुणामावशी म्हणाली.

आमच्या अगदी समोर, तिच्या तोंडाच्या उंचीला, पिवळ्या थरावर एक डाग ओला होत होता. रुपयाएवढा. मग थोडा पसरला. मग आक्रसला. पुन्हा पसरला, थोडा जास्त. पूड कणाकणाने गळत होती. तिच्या श्वासाचा आवाज माझ्या कानाशी होता, जलद, धापा टाकल्यासारखा. भिंतीवरचा श्वास संथ होता. त्याला काहीच घाई नव्हती.

मी मागे सरकले. सगुणामावशी पुढे गेली.

दाराशी बादलीत पाणी होतं. तिने पदराचं टोक त्यात बुडवलं आणि त्या डागावर जोरात घासलं. एकदा, दोनदा. मग तिचा हात थबकला. "गरम हाय," ती म्हणाली. "हलतंय हाताखाली." आणि हात न काढता तिने भिंतीला तोंड लावून आरोळी ठोकली, रस्त्यावरून तिसऱ्या मजल्यावर पोचणारी तिची आरोळी:

"नाय! ऐकलास? नाय बोलले मी! नाय!"

ट्रे खणखणले. वरची पूड झरझर खाली आली. तिने हात काढला तेव्हा भिंत तिथे नुसती ओली होती, पसरलेली, बिनआकाराची. हलत नव्हती.

मी ओरडलेच आनंदाने. तिला मिठी मारणार होते.

मग तिच्या खांद्यावरून मला अजून एक जागा दिसली. स्विचच्या पेटीजवळ, बाकीच्यांपासून जरा बाजूला. जुनी होती. कडा वाळून टणक झालेल्या, मधला भाग गुळगुळीत. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती बरोबर माझ्या तोंडासमोर होती.

जानेवारीपासूनची असावी.

सगुणामावशीने माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही. तिने पदराचं ओलं टोक माझ्या हातात दिलं. "पूस."

मी ते हातात धरून उभी होते. मृणालिनीच्या लग्नाचा हॉल ठरला होता. माझं कायम झाल्याचं पत्र जुलैत मिळणार होतं. भाऊंना खर्चाच्या काळजीने रात्रीची झोप लागत नव्हती. मी हे सगळं एका क्षणात आठवलं आणि मी म्हटलं, "उद्या."

भोंगा वाजला.

७

सगुणामावशी त्याच दुपारी हिशेब घेऊन गेली. गेटपाशी चंदरला हाताला धरून ओढत होती, पण तो म्हणत होता, "वहिनी, मी हो बोललोय ना. आता कसा येऊ?" शेवटी ती एकटीच गेली.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. मी नाही म्हणणार होते. सगळी वाक्यं तयार होती, जिन्यात दोनदा म्हणून पाहिली होती. हे रेकॉर्डिंग मी पुढे करणार नाही, सर. त्यांनी माझा चेहरा बघून पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तो तोंडाला लावला.

"बरं नाही का? दुपारचे सहा जण बाकी आहेत. चालू ठेवायचं ना?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

माझा आवाज. माझे ओठ ग्लासाला होते, तोंडात पाणी होतं, मी गिळत होते.

"गुड," सर म्हणाले. त्यांना काही वेगळं वाटलं नाही.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी तिथे होते. मृणालिनीचं लग्न झकास झालं. मी कायम झाले. सुकवणखोलीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. लोक मला विचारतात, एवढं बघून तू राहिलीस कशी? खरं सांगते, मला आठवतं की मीच राहायचं ठरवलं. प्रत्येक वेळी मीच हो म्हटलं, असंच आठवतं. चंदरलाही तसंच आठवत होतं.

धर्माची मनगटं हळूहळू खाली पडली. हात लांब केला की पंजा लोंबायचा, त्याला तो वर करता यायचा नाही. चंदरच्या पोटात असे गोळे यायचे की तो जमिनीवर आडवा व्हायचा. अठ्ठ्याऐंशीच्या सुरुवातीला कंपनीने कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला आणि मरोळच्या गेटला कुलूप लावलं. धर्मा, चंदर आणि आणखी नऊ जणांनी नुकसानभरपाईसाठी दावा लावला. कंपनीने कोर्टात कॅसेट दिल्या. आणि साक्षीदार म्हणून मला.

"फक्त खरं ते सांगायचं," श्यामकांत सर फोनवर म्हणाले. "हेड ऑफिसला तुझी जागा ठेवली आहे."

८

कामगार न्यायालयाची खोली भरलेली होती. धर्मा पुढच्या बाकावर, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. चंदर त्याच्या शेजारी, इतका वाळलेला की मी आधी ओळखलंच नाही. त्याला धरून सगुणामावशी. केस पांढरे झाले होते, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं. ती माझ्याकडे एकटक बघत होती.

कॅसेट वाजवल्या. अकरा जणांचे अकरा होकार, स्वच्छ, एकामागून एक. चंदर मान हलवत होता. होय, मीच बोललो.

मग कंपनीचे वकील माझ्याकडे वळले. मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. बसमध्ये, जिन्यात, आरशासमोर मी तो एकच शब्द म्हणून पाहिला होता. हेड ऑफिसची जागा गेली तर गेली.

"या सर्वांनी तुमच्यासमोर, स्वखुशीने, कुठल्याही दबावाशिवाय संमती दिली. बरोबर?"

"हो."

टंकलेखकाची बोटं चालू लागली.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

"ओ साहेब!" सगुणामावशी उठून उभी राहिली होती. आरोळीने खिडकीच्या काचा थरथरल्या. "ती बोलली नाय! तोंड मिटलेला व्हता तिचा, मी बघत व्हते! लिवू नका! ती बोलली नाय!"

लोक हसले. शिपाई धावला. वकील म्हणाले, साहेब, या बाईंना बाहेर काढा. पण न्यायाधीश, पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, हसत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. तेही मघाशी माझ्याकडेच बघत असावेत. त्यांनी शिपायाला हाताने थांबवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाई," ते सावकाश म्हणाले, "मघाचं उत्तर तुम्ही दिलंत?"

मी ओठ उघडायला गेले आणि ते उघडेनात. तोंडावर बाहेरून काहीतरी दाबलेलं होतं. जिभेला सिमेंटची चव, घशात कोरडी पूड. नाकाने श्वास घेतला तर तोही गरम, शिळा, कोणीतरी आधीच घेऊन सोडलेला. खोलीतली माणसं लांब गेली. मी त्या दाबावर पूर्ण जोर लावला, मान ताठ करून, लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरून. ओठ फाटल्यासारखे सुटले. हनुवटीवर रक्त आलं.

"नाही," मी म्हटलं.

आवाज घोगरा होता, फुटलेला. माझा स्वतःचा आवाज मी विसरले होते.

"ते उत्तर मी दिलं नाही. आणि त्यांनी स्वखुशीने काही दिलं नाही. त्यांच्याकडे दुसरं काम नव्हतं. मला माहीत होतं. मी रोज विचारत होते आणि मला माहीत होतं."

कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी टंकलेखकाला खूण केली, "आधीचं खोडा. हे घ्या."

दाव्याचा निकाल लागायला पुढे दोन वर्षं गेली. भरपाई मिळाली, थोडी. चंदर तोवर नव्हता. पण त्या दुपारी ते कोणालाच माहीत नव्हतं. धर्मा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. सगुणामावशी अजून उभीच होती, शिपायाचा हात झिडकारून.

टंकलेखक एकेक अक्षर दाबत होता. त्याचं शेवटचं अक्षर कागदावर उमटेपर्यंत मी एका हाताने धरलेला कठडा सोडला नाही आणि दुसरा तळहात तोंडावर घट्ट दाबून धरला. खोलीत आणखी कुठून काही ऐकू आलं, तर ते माझं नव्हे, हे निदान सगळ्यांना दिसलं असतं.